आई-बाबा आणि मुलांना घेऊन केबिन कॅम्पग्राऊंडला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया परिसरातील मराठी कुटुंबांकडून दर वर्षी उन्हाळा जवळ आला की येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी लागलेली असते आणि सर्वांना मिळून दोन-तीन दिवस झाडांत राहण्याची इच्छा असते. त्यामुळे उत्तरे तीन पिढ्यांचा विचार करून लिहिली आहेत.

1. केबिन कॅम्पग्राऊंड म्हणजे नक्की काय? ते हॉटेलसारखे असते की तंबूसारखे?

ज्या मोकळ्या जागेत तंबू ठोकण्यासाठी आणि आरव्ही (आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या) उभ्या करण्यासाठी आखलेल्या जागा असतात, तेथेच काही लाकडी खोल्या बांधून त्या रात्रीच्या हिशोबाने भाड्याने दिल्या जातात. त्या खोल्यांना केबिन म्हणतात. डोक्यावर पक्के छप्पर, दाराला कुलूप, पुढे छोटी ओसरी आणि ओसरीसमोर शेकोटीचे लोखंडी कडे व जेवणाचे लाकडी टेबल, हे बहुतेक ठिकाणी मिळते. त्यापलीकडे काय मिळेल ते केबिनच्या प्रकारावर अवलंबून असते. रोज चादरी बदलणारे किंवा चहा आणून देणारे कोणी नसते, आणि निघण्यापूर्वी केर काढून कचरा ठरलेल्या पेटीत टाकण्याचे काम आपलेच असते. आई-बाबांना हे निघण्यापूर्वीच समजावून सांगावे. ‘रिसॉर्ट’ असा शब्द कानावर पडला की त्यांच्या मनात महाबळेश्वरच्या हॉटेलाचे चित्र उभे राहते.

2. रस्टिक, कॅम्पिंग केबिन, कॉटेज, डीलक्स, मॉडर्न असे शब्द वाचून गोंधळ होतो. फरक कसा ओळखावा?

या शब्दांचा अर्थ राज्यागणिक आणि कंपनीगणिक बदलतो. म्हणून नाव बाजूला ठेवून तीनच गोष्टी तपासाव्यात : आत शौचालय आहे का, आत वाहते पाणी आहे का आणि आत स्वयंपाकाची सोय आहे का. पेनसिल्व्हेनियाच्या राज्य उद्यानांतील ‘कॅम्पिंग कॉटेज’मध्ये पाच जणांसाठी बंक बेड, विजेचे दिवे आणि प्लग असतात, पण शौचालय आत नसते. त्याच राज्यातील ‘मॉडर्न केबिन’मध्ये मात्र स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि स्वतंत्र झोपण्याच्या खोल्या असतात. माँटाना राज्यातील बिलिंग्ज येथे 1962 मध्ये सुरू झालेल्या केओए या खाजगी साखळीतही असाच भेद आहे : साध्या ‘कॅम्पिंग केबिन’मध्ये न्हाणीघर नसते, ‘डीलक्स’मध्ये असते.

या भागात जुन्या ‘रस्टिक’ केबिनही पुष्कळ आहेत. महामंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी अमेरिकी सरकारने सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर ही योजना 1933 ते 1942 या काळात चालवली. त्या तरुणांनी ओंडके आणि दगड रचून बांधलेल्या केबिन पेनसिल्व्हेनियात पोकोनो भागातील प्रॉमिस्ड लँड, तसेच वर्ल्ड्स एंड, पार्कर डॅम, क्लिअर क्रीक अशा उद्यानांत आजही भाड्याने मिळतात. त्या अतिशय देखण्या आहेत. परंतु उंबरे उंच, पायऱ्या ओबडधोबड आणि उजेड मंद असतो, हे लक्षात घेऊनच त्या निवडाव्यात.

3. आई-बाबा सत्तरीच्या पुढे आहेत आणि धाकटी मुलगी चार वर्षांची आहे. सर्वांत आधी काय पाहावे?

रात्री दोन वाजता शौचालयापर्यंत किती पावले चालावे लागेल, ते पाहावे. माझ्या मते केबिन निवडताना याहून महत्त्वाचा दुसरा निकष नाही. तळे, डोंगर, पोहण्याचा तलाव या सर्व गोष्टी त्यानंतर येतात.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. आमच्या पहिल्या सहलीत मी तळ्याकाठची केबिन निवडली, कारण छायाचित्रात ओसरीतून पाणी दिसत होते. सामायिक शौचालय ‘जवळच’ असल्याचे माहितीत लिहिले होते. प्रत्यक्षात ते चढावर, खडी टाकलेल्या वाटेने एकशे नव्वद पावलांवर निघाले. रात्री पाऊस लागला. बाबांना दोनदा उठावे लागले, आणि दोन्ही वेळा मी एका हातात छत्री व दुसऱ्या हातात विजेरी धरून त्यांच्याबरोबर गेलो. तिसऱ्या वेळी मला उठवायला नको म्हणून ते तसेच पडून राहिले, आणि सकाळी त्यांनी चहाही घेतला नाही. ते तळे मला आता आठवतही नाही. बाबांनी परत ठेवलेला चहाचा कप तेवढा आठवतो.

म्हणून वडीलधारे बरोबर असतील तर आत न्हाणीघर असलेलीच केबिन घ्यावी, मग त्यासाठी तीन रात्रींऐवजी दोनच रात्री राहावे लागले तरी चालेल. तशी केबिन मिळत नसेल तर कॅम्पग्राऊंडचा नकाशा उघडून शौचालयाच्या खुणेला लागून असलेला केबिनचा क्रमांक शोधावा, आणि कार्यालयात फोन करून वाट सपाट आहे का, तिथे रात्री दिवा असतो का आणि शौचालय पाण्याचे आहे की नुसत्या खड्ड्यावरचे आहे, हे विचारावे. खड्ड्यावरच्या शौचालयात नळ नसतो. केबिन कोणतीही असो, एक प्लास्टिकचा मग बरोबर न्यावा; तो कोठेही मिळत नाही आणि त्यावाचून आई-बाबांची फार अडचण होते.

यानंतर झोपण्याच्या जागा मोजाव्यात. ‘सहा जणांसाठी’ असे लिहिलेल्या केबिनमध्ये सहसा एक मोठा पलंग आणि दोन बंक असतात, म्हणजे दोन जागा वर शिडीने चढून जायच्या असतात. चार वर्षांच्या मुलीला वर झोपवू नये आणि आजी-आजोबांना वर चढता येत नाही, म्हणून अशी केबिन तुमच्या कुटुंबासाठी चौघांचीच समजावी.

4. राज्य उद्यान चांगले की खाजगी कॅम्पग्राऊंड?

राज्य उद्यानात झाडी दाट असते, केबिन एकमेकींपासून लांब असतात आणि भाडे कमी असते. न्यूयॉर्कच्या अलेगनी उद्यानात तर तीनशेहून अधिक केबिन आहेत. मात्र पोहण्याचा तलाव, खेळण्यांचे दुकान, वाय-फाय यांची अपेक्षा तेथे ठेवू नये, आणि राज्याबाहेरून येणाऱ्यांना अनेकदा थोडा जास्त दर पडतो. खाजगी ठिकाणी मुलांच्या करमणुकीची सोय भरपूर असते, परंतु केबिन दाटीने उभ्या असतात आणि शेजारच्या आरव्हीतले बोलणेही ऐकू येते. मुले सहा ते बारा वर्षांची असतील आणि आई-बाबा बरोबर नसतील तर खाजगी ठिकाण सोयीचे. आई-बाबा असतील तर मी राज्य उद्यानातील न्हाणीघर असलेली केबिन निवडेन, कारण सकाळी ओसरीत बसून शांतपणे पक्षी ऐकणे त्यांना मनापासून आवडते.

5. आरक्षण किती आधी करावे?

पेनसिल्व्हेनियाच्या राज्य उद्यानांत अकरा महिने आधी आणि न्यूयॉर्कच्या राज्य उद्यानांत नऊ महिने आधी आरक्षण खुले होते. न्हाणीघर असलेल्या केबिन सर्वांत आधी संपतात. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे, 4 जुलै आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे या जोडसुट्ट्यांना बहुतेक ठिकाणी किमान दोन-तीन रात्रींची अट असते, आणि काही राज्य उद्यानांत ऐन उन्हाळ्यात केबिन पूर्ण आठवड्यासाठीच देतात. आई-बाबांची विमानाची तिकिटे निघाली की त्याच आठवड्यात केबिनही पाहावी. उशीर झालाच असेल तर रविवार ते गुरुवार या रात्री तपासाव्यात आणि रद्द झालेल्या जागा सुटतात का, ते अधूनमधून पाहत राहावे. रद्द करण्याच्या अटींसाठी प्रश्न 16 पाहावा.

6. कोणता महिना सर्वांत चांगला?

आई-बाबांसाठी जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत न्यूयॉर्कच्या उत्तरेकडील ॲडिराँडॅक डोंगरांत आणि मेन राज्याच्या जंगलांत चावणाऱ्या काळ्या माश्यांचा उपद्रव असतो, म्हणून त्या काळात तो भाग टाळावा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी उकडते आणि साध्या केबिनमध्ये वातानुकूलन असेलच असे नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पानांचे रंग पाहण्यासारखे असतात, पण रात्री थंडी कडक पडते आणि गोठण्याच्या भीतीने काही ठिकाणी सामायिक न्हाणीघरांचे पाणी बंद केले जाते. तेव्हा आरक्षणापूर्वी ती तारीख विचारून घ्यावी.

7. अंथरूण-पांघरूण आणि भांडी मिळतात का?

साध्या केबिनमध्ये मिळत नाहीत. पलंगावर प्लास्टिकचे आवरण असलेली गादी असते, आणि नुसती चादर टाकली तर रात्रभर कूस बदलताना ती करकरते. त्यावर आधी एक जाड गोधडी अंथरली की आवाजही होत नाही आणि खालून गारही लागत नाही. डीलक्स प्रकारातही चादरी-टॉवेल मिळतील असे गृहीत धरू नये, विचारूनच घ्यावे.

8. स्वयंपाक कोठे करायचा? आई-बाबांना रोज पिझ्झा चालत नाही.

स्वयंपाकघर नसलेल्या बहुतेक केबिनमध्ये आत शिजवण्यास मनाई असते, आणि ती काटेकोरपणे पाळावी. केबिन लाकडाची असते. शिवाय तेलाचा वास गादीत आणि भिंतीत मुरला की रात्री रॅकून दार खरवडू लागतात. कोळशाची शेगडी किंवा गॅसची कॅम्प शेगडी पाऊस आला म्हणून आत घेण्याचा विचारही करू नये. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

स्वयंपाक ओसरीपुढच्या टेबलावर, दोन बर्नरच्या प्रोपेन शेगडीवर करावा. वारा असतो, म्हणून शेगडी तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा असलेली घ्यावी. आमची पद्धत अशी : तांदूळ, मूगडाळ, मीठ, हळद आणि गोडा मसाला एका पिशवीत घरीच एकत्र करून न्यायचा, फोडणीसाठी मोहरी-जिऱ्याची पुडी वेगळी ठेवायची. तीन लिटरच्या कुकरमध्ये पाच जणांची खिचडी वीस मिनिटांत होते, सोबत भाजलेला पापड आणि लोणचे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि दाण्याची चटणी कूलरशिवाय टिकते. दही, दूध आणि कापलेल्या भाज्या कूलरमध्ये तळाशी, बर्फाला लागून ठेवाव्यात.

आत स्वयंपाकघर असलेल्या केबिनमध्येही फोडणी देताना खिडकी उघडून पंखा लावावा. धूरसूचक घंटा बहुधा चुलीच्या जवळच असते आणि मिरचीच्या ठसक्याने ती हमखास वाजते. तिच्यावर कापड बांधणे किंवा बॅटरी काढून ठेवणे नियमात बसत नाही, आणि धोक्याचेही आहे.

9. विजेची किटली, हीटर आणि इलेक्ट्रिक कुकर एकदम लावता येतील का?

नाही. अमेरिकेत वीज 120 व्होल्टची असते आणि केबिनमधील वायरिंग बहुधा 15 अँपिअरचे, म्हणजे जास्तीत जास्त 1800 वॉट. एकटा हीटरच 1500 वॉट घेतो. त्यावर किटली लावली की खटका पडतो, आणि तो रात्री कार्यालय बंद झाल्यावर पडला तर सकाळपर्यंत अंधार. एका वेळी एकच जड उपकरण लावावे. आई भारतातून घेऊन आलेली 230 व्होल्टची किटली येथे पुरेशी तापणार नाही.

10. शेकोटीसाठी लाकूड घरून न्यावे का?

नेऊ नये, जेथे पेटवायचे तेथेच विकत घ्यावे. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा किडा 2002 मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि त्याने ॲश जातीची कोट्यवधी झाडे मारली. सरपणातून तो एका जंगलातून दुसऱ्या जंगलात सहज पोहोचतो. न्यूयॉर्क राज्यात प्रक्रिया न केलेले सरपण 50 मैलांपलीकडे नेण्यास कायद्याने मनाई आहे. घरामागे पडलेल्या फांद्या फुकट असल्या तरी त्या घरीच राहू द्याव्यात.

11. तेथे अस्वले येतात का? मुलांना घेऊन जावे की नाही?

काळी अस्वले या भागात आहेत. न्यू जर्सीच्या तर सर्व 21 काउंटींत ती दिसली आहेत. घाबरून बेत रद्द करण्याचे कारण नाही, पण अन्नाबाबत शिस्त हवी. कूलर, तेलाची बाटली, कचऱ्याची पिशवी, इतकेच काय टूथपेस्टसुद्धा रात्री ओसरीत ठेवू नये. कुलूपबंद गाडीत किंवा कॅम्पग्राऊंडने दिलेल्या लोखंडी पेटीत ठेवावी. अस्वल दिसले तर पळू नये, मुलांना जवळ घ्यावे, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरावे आणि त्याची वाट मोकळी ठेवावी. आजोबांना प्राण्याला पोळी घालण्याचा मोह होतो, म्हणून त्यांना आधीच सांगावे : न्यू जर्सीत अस्वलाला खाऊ घालणे हा गुन्हा आहे आणि त्याला 1000 डॉलरपर्यंत दंड आहे.

12. आणि गोचिडी, विषारी झुडपे?

माझ्या मते अस्वलापेक्षा या गोष्टींची काळजी जास्त करावी. काळ्या पायांची गोचीड तिळाएवढी, तिचे पिल्लू तर खसखशीच्या दाण्याएवढे असते, आणि तिच्या चाव्यातून लाइम रोग होऊ शकतो. हा रोग होण्यासाठी ती साधारणपणे चोवीस तासांहून अधिक काळ चिकटून राहावी लागते. त्यामुळे रोज संध्याकाळी प्रत्येकाचे गुडघ्यांमागचे, काखेतले, कानांमागचे आणि केसांतले अंग तपासले तर धोका पुष्कळ कमी होतो. सापडल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल किंवा जळती काडी लावू नये. पुढील काही आठवड्यांत पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आल्यास डॉक्टरांना चाव्याची तारीख सांगावी. आजीला साडीऐवजी सलवार किंवा पँट आणि मोजे घालण्यास सांगितले तर तपासणे सोपे जाते.

पॉयझन आयव्ही हे झुडूप तीन-तीन पानांच्या झुबक्यांवरून ओळखावे. ते आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले आहे. ‘हे अंगाला लागले तर बिब्बा उततो तसे उतते’ असे सांगितले की आजीला लगेच समजते, आणि ती मुलांना त्याच्या जवळपास फिरकू देत नाही. पाने अंगाला लागलीच तर तो भाग शक्य तितक्या लवकर साबणाने धुवावा.

13. केबिनमध्ये उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर?

झाडू मारू नये, कारण त्यामुळे धूळ उडते. दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे आणि कार्यालयाला दुसरी केबिन देण्यास सांगावे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी येथे 2012 मध्ये तंबू-केबिनच्या भिंतींत उंदरांनी घरे केल्यामुळे दहा जणांना हंताव्हायरस या, अशा धुळीवाटे श्वासात जाणाऱ्या विषाणूची बाधा झाली आणि त्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. असा प्रसंग दुर्मीळ आहे, तरीही संकोच न करता केबिन बदलून मागावी.

14. आई रोज सकाळी निरांजन लावते. केबिनमध्ये चालेल का?

आत कोणतीही ज्योत, उदबत्तीसुद्धा, लावू नये. बहुतेक ठिकाणच्या नियमांत मेणबत्तीला मनाई असते आणि निरांजनाला तोच नियम लागू होतो. ओसरीपुढच्या टेबलावर, वात जळत असेपर्यंत जवळ बसून निरांजन लावता येते. मात्र कोरड्या हवेमुळे आग पेटवण्यावर बंदी जाहीर झालेली असेल तर तेही टाळावे आणि बॅटरीवरचा दिवा वापरावा. अशा बंदीत शेकोटी आणि कोळसा बंद असतो. प्रोपेन शेगडीला बहुधा परवानगी असते, पण कार्यालयात विचारून खात्री करावी. आमच्या आईने एका सकाळी नुसती फुले वाहिली, आणि तळ्यावर ऊन आले तेव्हा त्याच दिशेला हात जोडले.

15. बाबा 68 वर्षांचे आहेत. राष्ट्रीय उद्यानात त्यांना ज्येष्ठ नागरिकांचा पास मिळेल का? आणि त्यांच्या प्रकृतीसाठी काय तयारी ठेवावी?

पर्यटक व्हिसावर आलेल्यांना तो पास मिळत नाही. 62 किंवा त्याहून अधिक वयाचे अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यासाठीच तो आहे. बाबांकडे ग्रीन कार्ड असेल तर 80 डॉलरमध्ये आजीवन पास मिळतो आणि त्याच गाडीतील इतरांनाही त्याचा फायदा होतो. राज्य उद्यानांचे नियम वेगळे असतात. पेनसिल्व्हेनियाच्या राज्य उद्यानांत तर प्रवेशशुल्कच नाही.

प्रकृतीबाबत सांगायचे, तर घोरणे-श्वासासाठी रात्री यंत्र लागत असल्यास वीज असलेलीच केबिन घ्यावी आणि लांब वायर न्यावी. इन्शुलिन बर्फाला थेट लागू न देता डब्यात ठेवावे. डोंगरांत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा पत्ता, औषधांची यादी आणि प्रवासी विम्याचा क्रमांक कागदावर लिहून गाडीत ठेवावा.

16. दोन कुटुंबे मिळून एक केबिन घेता येते का? आणि ऐनवेळी रद्द करावी लागली तर?

केबिनमध्ये किती माणसे राहू शकतात याची मर्यादा ठरलेली असते आणि तीत बहुधा तान्हे मूलही धरले जाते. जास्तीच्या माणसांना जमिनीवर गाद्या टाकून झोपवणे चालत नाही. शेजारशेजारच्या दोन केबिन घ्याव्यात आणि स्वयंपाक एकत्र करावा. दिवसा भेटायला येणाऱ्या मित्रांचीही कार्यालयात नोंद करावी लागते, आणि रात्री साधारण दहाला शांततेची वेळ सुरू होण्यापूर्वी त्यांना निघावे लागते. भेंड्यांचा डाव तोवर आटोपावा.

रद्द करण्याच्या अटी आरक्षणाच्या वेळीच वाचाव्यात. साधारणतः जितका उशीर, तितकी मोठी कपात, आणि पाऊस पडला म्हणून पैसे परत मिळत नाहीत. तारीख बदलण्याचे शुल्क रद्द करण्यापेक्षा बहुधा कमी असते. आई-बाबांच्या परतीच्या आधीचा शेवटचा आठवडा मात्र केबिनसाठी ठरवू नये. त्या आठवड्यात सामान बांधणे आणि गाठीभेटी असतात, आणि सर्वांत जास्त आरक्षणे त्याच आठवड्यातली रद्द झालेली मी पाहिली आहेत.